किमान वाहनतळाची सक्ती: गाडी नसलेल्याने गाडीच्या जागेचे पैसे का भरावेत?

चौकट

पुण्यात जुन्या सोसायट्यांच्या पुनर्विकासाचे आराखडे करणे हे माझे काम आहे. इमारतीत किती घरे बसतील हे माझ्या अनुभवात चटई क्षेत्र निर्देशांकापेक्षा (भूखंडाच्या मानाने किती बांधकाम करता येते त्या प्रमाणापेक्षा) किती घरांमागे किती गाड्यांची जागा बांधलीच पाहिजे हे सांगणाऱ्या वाहनतळाच्या तक्त्यावरून अधिक वेळा ठरते, आणि याची चर्चा सभासदांच्या बैठकीत जवळजवळ होत नाही. म्हणून हा धागा काढत आहे.

एक उदाहरण घेऊ. २० मीटर रुंद आणि ३५ मीटर लांब, म्हणजे ७०० चौरस मीटरचा भूखंड आहे. सामासिक अंतरे, म्हणजे हद्दीलगत मोकळी ठेवायची जागा, सोडल्यावर तळमजल्यावर साधारण ३५० चौरस मीटर जागा उरते. एका मोटारीचा चौकोन यूडीसीपीआर या राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे २.५ मीटर गुणिले ५ मीटर, म्हणजे फक्त १२.५ चौरस मीटरचा असला, तरी गाडी आत आणायला, वळवायला आणि बाहेर काढायला मार्गिका लागते. दिल्लीच्या २०२१ च्या बृहद् आराखड्यात हा हिशेब स्पष्ट मांडला आहे: उघड्यावर एका मोटारीमागे २३, तळमजल्यावर छताखाली २८ आणि तळघरात ३२ चौरस मीटर. याच मापाने आमच्या स्टिल्टमध्ये, म्हणजे खांबांवर मोकळ्या सोडलेल्या तळमजल्यात, १२ मोटारी मावतात, आणि जिना, लिफ्ट, मीटरची खोली व पाण्याचा पंप काढल्यावर त्याही मावत नाहीत. सक्ती २४ मोटारींची असेल, तर उरलेल्या १२ ठेवायच्या कुठे? तळघर करायचे म्हटले, तर १:१० च्या उताराने ३ मीटर खाली जायला ३० मीटर लांबीचा रॅम्प लागतो, म्हणजे भूखंडाची जवळजवळ सगळी लांबी त्यातच जाते. मग मोटारींची लिफ्ट किंवा पझल पार्किंग, म्हणजे यंत्राने गाड्या वर-खाली सरकवून ठेवायची सोय, येते. त्याचा खर्च येतो, पुढची २० वर्षे देखभालीचा करार येतो आणि वीज गेली की गाडी वरच अडकते. याला पर्याय एकच, की घरे कमी करायची.

तळघरातल्या एका मोटारीसाठी धरलेले ते ३२ चौरस मीटर जरा दुसऱ्या मापाने पाहा. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात आर्थिक दुर्बल घटकांसाठी जे घर धरले होते, ते कार्पेट क्षेत्राने ३० चौरस मीटरपर्यंतचे होते. म्हणजे एका कुटुंबाला आपण जेवढी जागा पुरेशी मानली, त्याहून अधिक जागा एका मोटारीला कायद्याने मिळते. २०११ च्या जनगणनेत देशातल्या अवघ्या ४.७ टक्के कुटुंबांकडे चारचाकी होती. शहरांत हे प्रमाण अधिक आहे आणि तेव्हापासून ते वाढलेही आहे. तरीही पुण्यासारख्या शहरात असंख्य कुटुंबे दुचाकीवर किंवा बसवर चालतात आणि घर घेताना शेजाऱ्याच्या मोटारीच्या जागेचा वाटा भरतात.

ही कल्पना मूळची आपली नव्हे. अमेरिकेतल्या कोलंबस शहराने १९२३ मध्ये निवासी इमारतींसाठी आणि फ्रेस्नोने १९३९ मध्ये हॉटेले व रुग्णालयांसाठी अशी सक्ती आणली. आपल्या नियमावल्यांत ती जशीच्या तशी पसरली. डिसेंबर २०२० मध्ये यूडीसीपीआर आली, तेव्हा राज्यातल्या बहुतेक शहरांसाठी एकच तक्ता झाला. शहराच्या दर्जाप्रमाणे त्यात फरक आहे आणि लहान घरांना मोटारी कमी व दुचाकी जास्त धरल्या आहेत, ही सुधारणा मी मान्य करतो. पण मूळ गृहीत तेच राहिले आहे: किती गाड्या येणार हे सरकारला आधीच ठाऊक आहे आणि त्यांची सोय इमारतीनेच करायची आहे.

माझे म्हणणे असे, की मेट्रोच्या स्थानकापासून चालत जाता येईल एवढ्या परिसरात तरी ही किमान सक्ती काढून टाकावी. ज्याला वाहनतळ बांधायचा आहे त्याने बांधावा, पण तो बांधल्याशिवाय घरच बांधता येणार नाही, ही अट नसावी.

पिंपळपान

मी कोथरूडमधल्या एका सोसायटीचा सेक्रेटरी आहे आणि तुमच्या प्रस्तावाला माझा विरोध आहे. तुमचा हिशेब भूखंडाच्या हद्दीच्या आत संपतो, आमचा त्रास हद्दीच्या बाहेर सुरू होतो.

आमची गल्ली ९ मीटरची आहे. दोन्ही बाजूंना मोटारी लागतात. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या इमारतीतल्या आजींना पहाटे रुग्णालयात न्यायचे होते, तेव्हा रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि स्ट्रेचर दोनशे पावले हाताने न्यावे लागले. त्या इमारतीला वाहनतळ अपुरा होता, कारण ती जुन्या नियमांत झाली होती. आता नव्या इमारतींनाही तेच मोकळे रान दिले, तर गल्लीत माणसाला चालायलाही जागा उरणार नाही.

मुंबई उच्च न्यायालयापुढे २०२१ मध्ये याच यूडीसीपीआरमुळे वाहनतळाच्या जागा कमी होतात अशी जनहित याचिका आली होती. याचिका करणाऱ्याची काळजी आमच्यासारखीच होती. बिल्डर जागा वाचवतो, विकून निघून जातो आणि गाड्या आमच्या दारात उभ्या राहतात.

चौकट

पिंपळपान, स्ट्रेचरचा प्रसंग वाचून वाईट वाटले. वाहनतळाच्या प्रश्नात जीव जाऊ शकतो, हे मी कमी लेखत नाही. पण तुम्ही उल्लेख केलेल्या त्या सुनावणीत न्यायालय काय म्हणाले, तेही आठवा. जागा पुरेशी नसेल, तर एका कुटुंबाला चार-पाच मोटारी ठेवू देऊ नयेत, असे मत न्यायालयाने तेव्हा व्यक्त केले. म्हणजे बोट इमारतीकडून गाडीच्या मालकाकडे वळले, आणि मला तीच दिशा योग्य वाटते.

गल्लीत गाड्या का उभ्या राहतात? गल्ली फुकट आहे म्हणून. सोसायटीत महिन्याला पाचशे रुपये भरावे लागत असतील आणि दाराबाहेर काहीच द्यावे लागत नसेल, तर आत कितीही जागा बांधा, दुसरी गाडी बाहेरच लागेल. मुंबईत हे मोठ्या प्रमाणावर करून पाहिले आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(२४) या कलमाखाली बिल्डरांना जादा चटई क्षेत्र देऊन त्या बदल्यात सार्वजनिक वाहनतळ बांधून घेतले गेले. ते उभे राहिले आणि त्यांतले कित्येक रिकामे राहिले, कारण शेजारचा रस्ता फुकट होता. अखेर जुलै २०१९ मध्ये महापालिकेला या वाहनतळांच्या ५०० मीटर परिसरात बेकायदा उभ्या केलेल्या मोटारींना किमान १०,००० रुपये दंड लावावा लागला. जागा नव्हती असे नाही, जागेला किंमत नव्हती.

पुण्यातही मार्च २०१८ मध्ये रस्त्यावरच्या वाहनतळाला शुल्क लावण्याचे धोरण महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत मंजूर झाले होते. विरोध इतका झाला, की ते मोजक्या रस्त्यांपुरते आणले गेले आणि तिथेही अमलात आले नाही. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात शहरातली जमीन मोलाची आहे आणि वाहनतळाचे शुल्क त्या मोलाला धरून असावे, असे स्पष्ट लिहिलेले आहे. आपण मात्र धोरणाचा हा अवघड भाग बाजूला ठेवला आणि सोपा भाग, म्हणजे पुढे राहायला येणाऱ्याच्या घरावर बोजा टाकणे, तेवढा चालू ठेवला.

लॉस_एंजेलिसकर

मी गेली बावीस वर्षे इथे राहतो आणि हा वाद जवळून पाहिला आहे. इथल्या विद्यापीठातले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी सगळी हयात या एका विषयाला दिली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते वारले. त्यांचा मुख्य आक्षेप असा होता, की हे किमान आकडे ज्या सर्वेक्षणांवरून आले, ती बहुधा उपनगरांत, जिथे बस नाही आणि वाहनतळ फुकट आहे अशा ठिकाणी, गर्दीच्या वेळी केलेली होती. फुकट जागेची मागणी मोजायची, तीच गरज मानायची, ती कायद्यात घालायची आणि मग फुकट जागा भरली की आकडा बरोबर होता असे म्हणायचे, हे चक्र त्यांनी उघड करून दाखवले.

लॉस एंजेलिसने १९९९ मध्ये एक नियम केला. शहराच्या जुन्या मध्यभागात वर्षानुवर्षे रिकाम्या पडलेल्या कार्यालयीन इमारतींत घरे करायची असतील, तर नवा वाहनतळ बांधण्याची अट नाही. त्या इमारती मोटारींचा काळ येण्याआधीच्या होत्या, त्यांच्या पोटात वाहनतळ घालणे शक्यच नव्हते आणि केवळ तेवढ्यासाठी त्या ओस पडल्या होत्या. नियम बदलल्यावर तिथे हजारो घरे झाली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की बिल्डरांनी गाडीची सोय बंद केली नाही. गिऱ्हाईक मागत होते म्हणून त्यांनी ती दिली, पण पुष्कळदा शेजारच्या जुन्या वाहनतळात जागा भाड्याने घेऊन दिली.

२०२३ च्या १ जानेवारीपासून तर सगळ्या कॅलिफोर्नियात मोठ्या सार्वजनिक वाहतुकीच्या थांब्यापासून अर्ध्या मैलाच्या आत बहुतेक बांधकामांना किमान वाहनतळाची सक्ती करता येत नाही. चौकट यांचा मेट्रो स्थानकाचा प्रस्ताव त्याच जातीचा आहे.

पिंपळपान यांच्या शंकेसाठी जवळच्या पासाडीनाचे उदाहरण सांगतो. तिथल्या जुन्या बाजारपेठेत १९९३ मध्ये रस्त्यावरच्या वाहनतळाला मीटर बसवायचे ठरले, तेव्हा दुकानदारांनी कडाडून विरोध केला. मग मीटरचे उत्पन्न त्याच बाजारपेठेत खर्च होईल असे ठरले आणि विरोध ओसरला. त्या पैशांतून पदपथ, झाडे, दिवे आणि साफसफाई झाली. पुण्यात २०१८ मध्ये शुल्काचा पैसा महापालिकेच्या तिजोरीत न जाता त्याच गल्लीत परत येईल असे लेखी दिले असते, तर विरोध तेवढाच झाला असता का, हा प्रश्न मला आजही पडतो.

रोखठोक_हिशेब

लॉस एंजेलिसची उदाहरणे वाचून बरे वाटते, पण आपल्या बाजारात एक मूलभूत अडचण आहे. घराची किंमत खर्चावर ठरत नाही, त्या भागात गिऱ्हाईक किती देईल यावर ठरते. वाहनतळाचा खर्च वाचला, तर बिल्डर दर कमी करील असे कोणी गृहीत धरत असेल, तर त्याने गेल्या वीस वर्षांतला कोणताही करारनामा काढून पाहावा. सिमेंट स्वस्त झाले तेव्हा दर उतरले होते का? वाचलेला पैसा बिल्डरच्या खिशात जाईल आणि गैरसोय रहिवाशांच्या वाट्याला येईल. सक्ती ही निदान एक अशी गोष्ट आहे, जी सामान्य गिऱ्हाईक कायद्याच्या जोरावर मिळवू शकते.

शिवाय ज्याच्याकडे आज मोटार नाही, त्याच्याकडे दहा वर्षांनी येईल. इमारत साठ वर्षे उभी राहणार आहे. नंतर वाहनतळ कुठून आणणार?

चौकट

पहिला मुद्दा या धाग्यातला सर्वांत बळकट आहे, म्हणून जपून उत्तर देतो. चालू असलेल्या एखाद्या प्रकल्पात उद्या सक्ती उठली, तर त्याच इमारतीतल्या सदनिकांचे दर उतरणार नाहीत, हे मान्य आहे. पण पुनर्विकासात प्रश्न दराचा असण्याआधी प्रकल्प उभा राहतो की नाही याचा असतो. लहान भूखंडांवरच्या कित्येक जुन्या इमारतींना बिल्डर मिळत नाही, कारण मूळ सभासदांना घरे देऊन झाल्यावर विकायला उरणारी घरे खर्च भागवत नाहीत, आणि त्या खर्चात तळघर व यांत्रिक वाहनतळ हा मोठा वाटा असतो. तो उतरला, तर विकायला दोन-तीन घरे वाढतात किंवा सभासदांना जास्त क्षेत्र मिळते, कारण वाटाघाटी करायला तिथे एक संघटित सोसायटी बसलेली असते. मध्य पुण्यातल्या पेठांमध्ये वाड्यांच्या जागी काहीच उभे राहत नाही, ते अशाच गणितांमुळे. १५० चौरस मीटरच्या अरुंद भूखंडावर रॅम्प आणि मार्गिका बसतच नाही.

दहा वर्षांनी मोटार येईल, या मुद्द्याशी मात्र मी सहमत नाही. जागा आधीच विकत घेतलेली आहे, म्हणून मोटार येते. घराबरोबर आलेली जागा रिकामी ठेवणे माणसाला जड जाते.

अमेरिकेतल्या बफेलोने २०१७ मध्ये सगळ्या शहरात किमान सक्ती उठवली. नंतरच्या अभ्यासात मोठ्या प्रकल्पांपैकी जवळजवळ निम्म्यांनी जुन्या नियमापेक्षा कमी जागा दिलेल्या आढळल्या. उरलेल्यांनी जुन्या नियमाइतक्या किंवा त्याहून जास्त दिल्या. सक्ती गेली म्हणून वाहनतळ नाहीसे होत नाहीत, ते जिथे हवे तिथे राहतात.

तुळई

मी संरचना अभियंता आहे. या चर्चेत न आलेली एक बाजू मांडतो.

आपल्या इमारतींचा तळमजला खांबांवर मोकळा सोडायची पद्धत मुख्यतः वाहनतळाच्या सक्तीमुळे पडली. वरच्या मजल्यांवर विटांच्या भिंती असल्याने ते ताठ असतात, खाली भिंती नसल्याने तळमजला लवचीक असतो, आणि भूकंपाच्या आडव्या हादऱ्यात सगळी हालचाल त्या एका मजल्यावर एकवटते. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अहमदाबाद हे केंद्रबिंदूपासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर होते, तरीही तिथे अनेक बहुमजली इमारती कोसळल्या आणि त्यांत अशा मोकळ्या तळमजल्याच्या इमारती ठळकपणे होत्या. लॉस एंजेलिसमध्येही १९९४ च्या भूकंपात खाली गाड्या आणि वर घरे असलेल्या इमारती मोडल्या, आणि २०१५ पासून तिथे तशा जुन्या लाकडी इमारती मजबूत करून घेणे सक्तीचे केले आहे.

नीट आराखडा केला, तळमजल्याचे खांब व कातर भिंती (आडवा हादरा पेलणाऱ्या काँक्रीटच्या भिंती) पुरेशा ठेवल्या, तर स्टिल्टची इमारत सुरक्षित करता येते, हे मी आवर्जून सांगतो. कोणी घाबरून जाऊ नये. पण कातर भिंत गाडीच्या वळणाच्या आड येते, आणि ती 'जरा सरकवता येईल का' ही विनंती माझ्या टेबलावर दर प्रकल्पात येते. दोन गाड्यांच्या जागेसाठी भिंत हलवायची की नाही, हा वाद अभियंत्याने दरवेळी जिंकलाच पाहिजे. नियमाने त्याच्यावर तो दबाव आणू नये, एवढीच माझी अपेक्षा आहे.

सुमती_क

माझे यजमान चाकाच्या खुर्चीवर आहेत. आम्हाला गाडी ही चैन नाही, लिफ्टच्या दारापासून दहा पावलांवर ती उभी करता आली नाही, तर आमचे घराबाहेर पडणेच थांबते. सक्ती उठवा म्हणणाऱ्यांनी आमच्यासारख्यांचा विचार केला आहे का? बाजाराच्या भरवशावर सोडले, तर अपंगांची जागा सर्वांत आधी जाईल.

लॉस_एंजेलिसकर

सुमतीताई, मी उल्लेख केलेल्या कॅलिफोर्नियाच्या कायद्यात अपंग व्यक्तींसाठीच्या राखीव जागांची अट तशीच ठेवली आहे. सर्वसाधारण किमान आकडा काढणे आणि या जागा काढणे, या वेगळ्या गोष्टी आहेत.

चौकट

सुमतीताई, माझ्या प्रस्तावात हे स्पष्ट लिहायला हवे होते, राहून गेले. अपंगांसाठी राखीव जागा, रुग्णवाहिका व अग्निशामक बंबाचा मार्ग, सामान उतरवायची जागा आणि दुचाकी-सायकलींची सोय, ही सक्ती राहिलीच पाहिजे. उलट आज २४ मोटारी बसवण्याच्या ओढाताणीत लिफ्टजवळची रुंद जागाच पहिल्यांदा आक्रसते, हे मी पाहिले आहे.

योकोहामा

जपानचा उल्लेख व्हायला हवा. इथे १९६२ च्या कायद्याने मोटार घेणाऱ्यालाच जागा दाखवावी लागते. मी गाडी घेतली, तेव्हा भाड्याने घेतलेल्या जागेचा नकाशा, मार्गिकेची रुंदी आणि जागेच्या मालकाची संमती असे कागद पोलीस ठाण्यात दिले. जागा घरापासून २ किलोमीटरच्या आत असावी लागते. ते प्रमाणपत्र मिळाल्यावरच नोंदणी झाली. रस्ता गाडी ठेवायची जागा म्हणून वापरता येत नाही: एका ठिकाणी सलग १२ तास, किंवा रात्री ८ तास गाडी ठेवणे हा या कायद्याने गुन्हा आहे. लहान इमारतींना मात्र सहसा वाहनतळाची सक्ती नसते. त्यामुळे अरुंद गल्ल्यांत दोन-तीन मजली घरे आणि त्यांच्या मधल्या एखाद्या तुकड्यावर महिन्याच्या भाड्याने चालणारे पाच-सात गाड्यांचे वाहनतळ, असे दृश्य सगळीकडे दिसते.

२०२५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन मंत्र्यांनी वाहनतळाचे प्रमाणपत्र असल्याशिवाय नव्या मोटारीची नोंदणी नाही, असे धोरण आणण्याचे सांगितले, तेव्हा इथल्या मराठी मंडळींत त्यावर बरीच चर्चा झाली. माझे मत असे, की रात्री रस्ता रिकामा ठेवण्याची व्यवस्था आधी उभी केली नाही, तर प्रमाणपत्र हा आणखी एक कागद होईल. सोसायटीच्या एकाच जागेवर तीन जणांना पत्रे मिळतील. जपानमध्ये कागद चालतो, कारण त्या कागदामागे रस्त्यावर पहारा आहे.

रोखठोक_हिशेब

योकोहामा यांचा मुद्दा मला पटतो. गाडीच्या मालकावर जबाबदारी टाकायची आणि रस्त्यावर अंमलबजावणी करायची, हे दोन्ही झाल्यावर मेट्रोच्या परिसरात किमान सक्ती कमी करायला माझी हरकत राहणार नाही. पण क्रम हाच असावा. आधी सक्ती उठवून मग रस्त्याचे पाहू, असे झाले, तर दुसरे कधीच होणार नाही. आणि बस दर दहा मिनिटांनी येत नाही तोवर घराघरांतल्या दुचाकी हटणार नाहीत, तेव्हा दुचाकींचा आकडा कोणी हलवू नये.

पिंपळपान

आठवडाभर हा धागा वाचत होतो. परवा रात्री साडेअकराला मी आणि आमचे खजिनदार टॉर्च घेऊन खाली उतरलो आणि मोजणी केली. गल्लीत आमच्या सोसायटीच्या सभासदांच्या नऊ मोटारी उभ्या होत्या. आत, आमच्याच आवारात, सहा जागा रिकाम्या होत्या. दोन जागांवर जुनी कपाटे आणि एका दिवाणाचे सुटे भाग आहेत, एका जागेवर चार वर्षे न हललेली गाडी झाकून ठेवली आहे, या तिन्ही जागा मी रिकाम्यात धरल्या नाहीत. रिकाम्या सहांपैकी चार जागांच्या सभासदांकडे मोटारच नाही, त्यांना ती जागा दुसऱ्याला द्यायची म्हटले तर हक्क जाईल अशी भीती वाटते.

उपविधींप्रमाणे एका सभासदाला एकच जागा आणि जागा अपुऱ्या असतील तर चिठ्ठ्या, हे मला माहीत आहे. २०१० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बिल्डरला स्टिल्टची जागा स्वतंत्र गॅरेज म्हणून विकता येत नाही, हेही माहीत आहे. तरीही आमच्याकडे त्या जागा मालकीच्या असल्यासारख्या वागवल्या जातात. सक्ती पूर्ण शून्यावर आणावी असे मला अजून वाटत नाही, पण नऊ गाड्या बाहेर का आहेत याचे कारण मी आजवर चुकीचे सांगत होतो.

पुढच्या सर्वसाधारण सभेत वार्षिक वाटपाचा ठराव मांडायचा आहे: ज्याला जागा नको त्याने वर्षासाठी सोसायटीकडे परत द्यावी, त्या वर्षाचे शुल्क त्याला माफ असावे, पुढच्या वर्षी मागितल्यास त्याचा क्रम पहिला असावा. दुसऱ्या मोटारीचे शुल्क पहिलीच्या तिप्पट असावे. यात काही अडचण दिसते का?

चौकट

दोन सूचना आहेत. दुसऱ्या मोटारीला जागा एका वर्षापुरती आणि केवळ शिल्लक असेल तरच, हे ठरावातच लिहा, नाहीतर तीच पुढे वहिवाट होते. भाडेकरूला जागा सभासदामार्फत मिळेल की नाही, हेही आत्ताच ठरवून टाका. आणि कपाटांसाठी सभेआधी पंधरा दिवसांची नोटीस लावा, त्या दोन जागा धरल्या तर तुमच्या नऊपैकी आठ गाड्या आत येतात.